घर सासऱ्यांच्या नावावर, पगार नवऱ्याच्या हातात. मग तिनं राहायचं कुठं?

प्रश्न, थोडक्यात असा: "माझी धाकटी बहीण कागल तालुक्यात दिली आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. नवरा एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. घरी तीन एकर ऊस, चार म्हशी. मारहाण पहिल्यापासून आहे, या वेळी गळा दाबला म्हणून ती मुलांना घेऊन कोल्हापुरात आमच्या आईवडिलांकडं आली. तीन आठवडे झाले. दोन खोल्यांचं घर, त्यात भाऊ-वहिनी आणि त्यांची मुलं. बैठक झाली, तेव्हा ते म्हणाले, घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तिचा काय संबंध? आमच्याकडं कुणालाच उत्तर देता आलं नाही. तिचं बारावीनंतर शिक्षण सुटलं, ब्लाउज शिवते. तिला काय मिळू शकतं? की परत पाठवावं?"

ताई, बैठकीत जे उत्तर देता आलं नाही, तिथूनच सुरुवात करते.

तिचा संबंध आहे. तो सांगणारा कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, तो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे, लग्न होऊन ती ज्या घरात नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. मधली काही वर्षं ही गोष्ट अवघड झाली होती. २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर सुनेसाठी 'सामायिक घर' धरलं जात नव्हतं. त्या वर्षांत दर दुसऱ्या प्रकरणात समोरचे वकील तोच निकाल पुढं करायचे आणि आमच्या बायका कोर्टाच्या पायऱ्या उतरून सरळ एसटी स्टँडवर जायच्या. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल चुकीचा ठरवला. आता घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याच कारणानं तिला दार बंद करता येत नाही. २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात आणखी एक स्पष्ट झालं: अर्ज करताना ती त्या घरात प्रत्यक्ष राहत असली पाहिजे असं नाही. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी ती बाहेर पडली म्हणून हक्क गेला, हे खरं नाही. 'घर सोडलं म्हणजे हक्क सोडला' ही समजूत इकडं फार पक्की आहे. या समजुतीपायी बायका गळा दाबेपर्यंत थांबतात.

पण इथं मला तुम्हाला एक फरकही सांगायला हवा, नाहीतर तुम्ही भलत्या आशेवर राहाल. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर यातून तिचं नाव लागत नाही. आणि गळा दाबणाऱ्या माणसाबरोबर त्याच छपराखाली राहण्याचा हुकूम हातात असणं म्हणजे सुरक्षित असणंही नव्हे. गळा दाबणं ही मारहाणीतली सगळ्यात गंभीर खूण मी मानते. अंगावर वळ दिसत नाहीत म्हणून घरचे ती सोडून देतात, पण पुढं जिवावर बेतण्याचा धोका अशा घरात खूप वाढलेला असतो. तिला गिळताना त्रास होत असेल, आवाज बसला असेल, तर तीन आठवडे झाले असले तरी सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, तपासून घ्या, आणि काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगा, म्हणजे ते कागदावर येईल. त्यामुळे 'परत पाठवावं का' याचं माझं उत्तर: आत्ता नाही.

मग राहायचं कुठं? कायद्याचं कलम १९ इथं कामाला येतं. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात, तिला घरातून काढू नये असा हुकूम देऊ शकतात, घर विकू किंवा गहाण ठेवू नये असं बजावू शकतात. आणि तिला त्या घरात जायचं नसेल तर, ज्या पातळीच्या घरात ती राहत होती तशी दुसरी जागा नवऱ्यानं द्यावी किंवा तिचं भाडं भरावं, असाही हुकूम होतो. तुमच्या बहिणीसाठी मी हे शेवटचं मागेन. सासू-सासरे म्हातारे आहेत, गाव छोटं आहे, घराला एकच दार आहे. तिथं स्वतंत्र खोलीचा हुकूम मिळाला तरी पाणी कुठून भरायचं आणि संडास कुणाचा वापरायचा यावर रोज भांडण होतं. एका बाईला आम्ही असा हुकूम मिळवून दिला होता. चौथ्या महिन्यात ती स्वतःच खोली सोडून आली, आणि त्यानंतर भाड्याचा अर्ज करायला आम्हाला नव्यानं सगळं मांडावं लागलं. म्हणून आता मी पहिल्याच अर्जात दोन्ही लिहायला लावते: आधी पर्यायी घर किंवा भाडं, आणि ते न झाल्यास सामायिक घरात संरक्षणासह जागा.

अर्ज कागलला जाऊन करायची गरज नाही. ती सध्या जिथं तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही करता येतो, म्हणजे इथंच. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे. कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, किंवा १५१०० ला फोन करा. फुकटचा वकील म्हणजे कमी दर्जाचा, असं मनात आणू नका. तिथं मी उत्तम काम करणारे लोक पाहिले आहेत. त्याआधी महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं जाऊन घटनेचा अहवाल लिहून घ्या. तो नसला तरी कोर्ट हुकूम देऊ शकतं, पण असलेला बरा. आणि समोरून कुणी 'हायकोर्टात मुंबईला खेटे घालायला लावीन' असं म्हणालं तर घाबरू नका. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, कोल्हापुरातच बसतं.

कायद्यात अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरूनच चाला. त्यासाठीच कलम २३ चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंत तात्पुरता हुकूम मागणारा अर्ज, मूळ अर्जासोबत, त्याच दिवशी द्यायचा. वकील 'नंतर देऊ' म्हणाले तर नम्रपणे सांगा, आजच द्यायचा आहे.

आता पैशाकडं येते. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. माझ्या बावीस वर्षांच्या कामात ज्या बायका मारणाऱ्या घरात परत गेल्या, त्यातल्या बहुतेक जणी प्रेमापोटी किंवा लोकलाजेपोटी गेल्या नाहीत. पहिल्या तीन-चार महिन्यांत हातातले पैसे संपले म्हणून गेल्या. खोलीचं डिपॉझिट, पोराचा ताप, शाळेची फी, आणि माहेरी वहिनीच्या चेहऱ्यावर दिसायला लागलेला हिशेब. पोटगीचा पहिला रुपया हातात येईपर्यंतचे हे दिवस कसे काढायचे याचं नियोजन झालं, तर बाकीची लढाई ती लढू शकते.

म्हणून आधी एक वही घ्या आणि महिन्याचा खरा खर्च लिहा: भाडं, रेशन, गॅस, मुलांचं दूध, औषध, बस, मोबाइल. कोर्टात आकडा विचारतात तेव्हा 'तुम्हीच काय ते ठरवा' असं सांगणारी बाई कमी पोटगी घेऊन बाहेर येते. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज याचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्जाला एक दिवसही उशीर करू नका.

नवऱ्याचं उत्पन्न म्हणजे फाउंड्रीचा पगार एवढंच नाही. म्हशी चार आहेत म्हणता. दूध संस्थेतलं खातं कुणाच्या नावावर आहे? ऊस कोणत्या कारखान्याला जातो, नोंद कुणाच्या नावावर आहे, बिल कोणत्या बँकेत जमा होतं? धारा काढायची तुमची बहीण, पहाटे वैरण आणायची ती, आणि दर दहा दिवसांचं बिल मात्र दुसऱ्याच्या खात्यात. आपल्या जिल्ह्यातली ही घराघरातली गोष्ट आहे. त्याच हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २० मध्ये एक फार उपयोगी तरतूद आहे, जी वकीलही बऱ्याचदा विसरतात: कोर्ट नवऱ्याच्या मालकाला, किंवा त्याला पैसे देणं असलेल्या कुणालाही, त्या रकमेतला काही भाग थेट बायकोला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतं. फाउंड्रीचा पगार यात सरळ बसतो. दूध आणि उसाची नोंद नवऱ्याच्या नावावर असेल तर दूध संस्थेकडून आणि कारखान्याकडून त्याला येणं असलेल्या बिलासाठीही ही मागणी करा. सासऱ्यांच्या नावावर असेल तर हा रस्ता बंद, पण नवरा त्या शेतीवर राबतो आणि त्यातून घर चालतं हे शपथपत्रात मांडायला विसरू नका. बिलाची एखादी पावती, पासबुकाचा फोटो, काहीही असलं तरी जपून ठेवा.

सोन्याचं काय झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लग्नात घातलेलं, आईनं दिलेलं, बारशाला आलेलं, सगळं तिचं स्त्रीधन. नवऱ्याकडं किंवा सासूकडं ते फक्त सांभाळायला असतं, त्यावर त्यांची मालकी होत नाही; १९८५ पासून सर्वोच्च न्यायालयाचं हे म्हणणं आहे. गुजरीतल्या सराफाची पावती सापडली तर उत्तम, नाहीतर लग्नाचे फोटो काढून कोणता दागिना, अंदाजे किती तोळे, कुणी दिला, अशी यादी करा. बऱ्याच घरांत हे सोनं पतसंस्थेत तारण ठेवलेलं निघतं. पावती कुणाच्या नावावर आहे ते विचारा, कारण बाईच्या सहीनं तारण ठेवून पैसे नवऱ्यानं घेतले असतील तर तेही अर्जात यायला हवं.

तसंच बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज. तिच्या नावावर आहे का, हे तिला हळूच विचारा. हे बायका माहेरीही सांगत नाहीत. कर्ज तिच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या मोटारसायकलीत, आणि आता हप्त्यासाठी माणूस तुमच्या दारात, असं होऊ शकतं. पळू नका. कंपनीला लेखी कळवा की पत्ता बदलला आहे, परिस्थिती अशी आहे, हप्ता कमी करून द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी तर नाहीच. आणि त्या कर्जाचा बोजा नवऱ्यानं उचलावा ही मागणी आर्थिक मदतीच्या अर्जात घाला.

बँकेचं नवं खातं याच आठवड्यात काढा, नवऱ्याचं जिथं खातं आहे त्या बँकेत नको. पोस्टात काढलं तरी चालेल. आधारला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे ते बघा. नवऱ्याचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदला. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिला येत असतील तर ते आधार जोडलेल्या खात्यातच जातात, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड आज कुणाच्या खिशात आहे? आधारची जोडणी नव्या खात्याला करून घ्या. लाडकी बहीण मिळत नसेल, तर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या आणि अत्याचारग्रस्त बायकांनाही बसता येतं. महिना दीड हजारच, आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१ हजारांची अट फार जाचक आहे. दोन्ही योजना एकत्र मिळत नाहीत. मुलांसाठी मात्र बाल संगोपन योजना जरूर बघा. एकट्या पालकाच्या मुलांना दर मुलामागं महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं. दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे एका खोलीच्या भाड्याला मोठाच हातभार. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून आजच कागद द्या.

मुलीची शाळा थांबू देऊ नका. जुन्या शाळेतून दाखला मिळत नाही, बापाची सही पाहिजे म्हणतात, अशी अडवणूक होते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना एवढं सांगा. धाकट्याला अंगणवाडीत घाला. त्यामुळे तिला दिवसाचे काही तास मोकळे मिळतील.

कारण तिला काम लागणार आहे. ती ब्लाउज शिवते म्हटल्यावर सगळे म्हणतील, मशीन घेऊन द्या. संस्था मशीन देतात, फोटो काढतात, आणि मग ती बाई लग्नसराई सोडून आठ महिने गिऱ्हाइकाची वाट बघत बसते. मी पहिल्या वर्षी ठरलेल्या पगाराची नोकरी शोधायला सांगते. हाताला शिलाई आहे तर इचलकरंजीकडं किंवा एमआयडीसीतल्या गारमेंट युनिटमध्ये, गांधीनगरच्या कापड दुकानात, रुग्णालयात मदतनीस म्हणून, हॉस्टेलच्या मेसमध्ये. शक्यतो जिथं ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, कापतात अशी जागा बघा, म्हणजे तिचं आणि मुलांचं औषधपाणी सुटतं. ब्लाउज संध्याकाळी शिवू दे, गिऱ्हाईक जमलं की मग नोकरी सोडायचा विचार. 'कामाला लागले तर पोटगी मिळणार नाही' असं तिला कुणीतरी सांगेल. खोटं आहे. स्वतः कमावणाऱ्या बाईलाही पोटगी मिळू शकते, आणि मुलांची जबाबदारी तर बापाची राहतेच.

खोली शोधताना मालक विचारतील, 'मिस्टर कुठं असतात?' या एका प्रश्नावर कळंब्यापासून फुलेवाडीपर्यंत किती जणींना परत फिरावं लागलं ते मी पाहिलं आहे. तिच्याबरोबर तुम्ही जा, तुमची ओळख द्या, हवं तर हमी घ्या. पण अकरा महिन्यांचा करार तिच्या नावावर करा आणि नोंदवून घ्या. तो कागद पुढं पत्त्याचा पुरावा होतो, आधार, रेशनकार्ड, गॅस सगळं त्यावर होतं, आणि कोर्टात भाड्याचा आकडाही त्यावरूनच सिद्ध होतो. खोली मिळेपर्यंत घरात अगदीच अडचण झाली, किंवा नवरा दारात येऊन धिंगाणा घालायला लागला, तर १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन करा. सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रात काही दिवस राहता येतं, पुढं शक्ती सदन या महिलांच्या निवाऱ्यात सोय होऊ शकते. मुलं लहान आहेत तोवर ती तिच्यासोबत राहू शकतात. मुलगा बारा वर्षांवरचा झाला की मग अडचण येते. नोकरी लागल्यावर नोकरदार महिलांच्या वसतिगृहाची, म्हणजे सखी निवासची, चौकशी करा.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलते. तुमच्या आईवडिलांचं ते दोन खोल्यांचं घर वडिलोपार्जित आहे का? असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं त्यात तुमचा आणि तिचा भावाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रानं तर हे १९९४ मध्येच केलं होतं. लग्नानंतर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आहे का? नसेल तर आता, या गडबडीत, कुणी घेऊ नका. आणि असा वाटा असेल तर ती भावाच्या घरात आश्रयाला आलेली नाही, स्वतःच्या घरात आली आहे. वहिनीला दोष देत नाही मी. दोन खोल्यांत नऊ माणसं म्हणजे कुणाचाही जीव मेटाकुटीला येईल. पण 'किती दिवस' या प्रश्नाचं उत्तर आईनं किंवा वडिलांनी सगळ्यांसमोर द्यावं: खोली मिळेपर्यंत, आणि तिच्या डिपॉझिटला भाऊही हातभार लावेल. लग्नात पाच तोळे घालायला सगळं माहेर कर्ज काढतं, आणि तीच पोरगी जीव वाचवून आली की डिपॉझिटचे पंधरा-वीस हजार जड होतात. ते पैसे आता द्या. माहेरचा आहेर याहून चांगल्या वेळी तिच्या उपयोगी पडणार नाही.

बैठका पुन्हा होतील. पाव्हणे येतील, गावचे चार जण येतील, 'पोरगी नांदली पाहिजे' म्हणतील. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. शंभर वर्षांहून अधिक काळ उलटला, तेव्हा 'घरातली गोष्ट घरात' म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही. बैठकीत स्टॅम्प पेपरवर सही करायची नाही, अगदी साध्या दिसणाऱ्या कागदावरही. नोटरी केलेली सोडचिठ्ठी कोर्टाच्या घटस्फोटाची जागा घेत नाही, आणि एकरकमी पैसे घेऊन मुलांची पोटगी सोडून देणारा करार तर मुळीच करू नका.

तिचे आणि मुलांचे कागद, कपडे, शाळेचं दप्तर अजून तिकडंच असेल. ते आणायला भावाला एकट्याला पाठवू नका. संरक्षण अधिकाऱ्यांना सांगा, पोलिसांची मदत घेऊन जा, दिवसा जा. आधी आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, बँकेची पासबुकं, लग्नाचे फोटो, दवाखान्याची जुनी कागदं, भांडी-कपडे नंतर.

आणि ताई, प्रश्न तुम्ही लिहिला आहे. तिला माहीत आहे ना? तिच्या नवऱ्यानं नऊ वर्षं तिचे सगळे निर्णय स्वतः घेतले, आता ते तुम्ही-आम्ही घेऊ नयेत. दोघी मिळून कागदांची पिशवी घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडं जा, तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा, मुलांना सांभाळा, आणि आत बोलायला तिला एकटीला जाऊ दे.